किशोरवयीन गर्भधारणा आणि मुलींची बालगृहे : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील सामाजिक घटकांचे विवेचन

सारांश

शासनाच्या देखरेखीखालील बालगृहांत दाखल होणाऱ्या मुलींपैकी काही मुली दाखल होतानाच गर्भवती असतात. या वस्तुस्थितीकडे मुलीच्या वर्तनाचा प्रश्न म्हणून पाहण्याची प्रवृत्ती समाजात व काही प्रमाणात यंत्रणेतही आढळते. प्रस्तुत लेखात ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात या प्रश्नामागील सामाजिक घटकांचे विवेचन केले आहे. शाळेतून गळती, हंगामी स्थलांतर, बालविवाह, घरातील असुरक्षितता व पलायन हे घटक परस्परांपासून सुटे नसून ते एका क्रमाने येतात, तसेच या क्रमाच्या अखेरीस होणारा विलंब मुलीपुढील पर्याय हिरावून घेतो, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : किशोरवयीन गर्भधारणा, बालगृह, बाल कल्याण समिती, बालविवाह, स्थलांतर, सक्तीची माहिती.

प्रस्तावना

एखादी मुलगी 'रिमांड होम'मध्ये आहे असे कानावर येताच ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'तिने काय केले?' असा. ती गर्भवती असल्याचे समजले, तर या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळाले असे मानले जाते. वास्तविक मुलींच्या बाबतीत हा प्रश्नच बहुधा चुकीचा असतो. गुन्ह्याच्या आरोपावरून संस्थेत येणाऱ्या मुलींची संख्या मुलांच्या तुलनेत अत्यल्प आहे. ज्या मुली संस्थेत येतात त्या मुख्यतः निराधार, हरवलेल्या, घर सोडून आलेल्या किंवा अत्याचारास बळी पडलेल्या असतात. त्यामुळे 'तिने काय केले?' यापेक्षा 'तिच्या बाबतीत काय काय घडत गेले?' हा प्रश्न अधिक शास्त्रीय ठरतो.

परदेशातील, विशेषतः अमेरिकेतील, या विषयावरचे लेखन मुख्यत्वे गुन्ह्याच्या आरोपावरून ताब्यात ठेवलेल्या मुलींविषयी आहे. ते निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. तेथे आधी अटक होते आणि मग गर्भधारणेचा इतिहास उजेडात येतो. ठाणे जिल्ह्यासारख्या ठिकाणी अनेकदा गर्भधारणा हेच संस्थेत दाखल होण्याचे निमित्त असते. हा क्रम लक्षात घेतल्याखेरीज कारणांचा शोध योग्य दिशेने होऊ शकत नाही. प्रस्तुत लेखाचे स्वरूप विवेचनात्मक असून कायद्यातील तरतुदी, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, प्रसिद्ध अभ्यास व न्यायालयीन निर्णय यांचा त्यास आधार आहे.

परिसराची पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांहून अधिक होती व लोकसंख्येच्या दृष्टीने तो देशातील सर्वांत मोठा जिल्हा ठरला होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. उरलेल्या जिल्ह्यात ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड व शहापूर हे ७ तालुके आहेत. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे १२ लाख ४७ हजार होती.

या जिल्ह्याचे वैशिष्ट्य असे की, येथे महानगर आणि आदिवासी पाडा यांत फार अंतर नाही. एकीकडे डोंबिवलीसारखे सुशिक्षित मध्यमवर्गाचे शहर, दुसरीकडे भिवंडीचे यंत्रमाग, कल्याण-भिवंडी पट्ट्यातील वीटभट्ट्या आणि मुरबाड-शहापूरच्या वाड्या. मुंबईत भाडे परवडत नाही म्हणून रेल्वेमार्गालगतच्या चाळींत येऊन राहिलेली कुटुंबे वेगळीच. उत्तर भारत, मराठवाडा अशा निरनिराळ्या प्रदेशांतून येणाऱ्या गाड्या कल्याण जंक्शनवर थांबतात. घर सोडून निघालेल्या मुला-मुलींचा मुंबईपूर्वीचा हा मोठा थांबा आहे. जिल्ह्यात उल्हासनगर येथे मुलींसाठीचे शासकीय गृह असून भिवंडी येथे निरीक्षणगृह आहे.

संकल्पना व कायद्याची चौकट

महाराष्ट्रात बालकविषयक स्वतंत्र कायद्याची परंपरा १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमापासून सुरू होते. १९८६ च्या बाल न्याय अधिनियमात 'अपचारी' व 'उपेक्षित' असे दोन वर्ग होते. २००० च्या अधिनियमाने 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ही संज्ञा आणली. १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या २०१५ च्या अधिनियमाने हे वर्गीकरण कायम ठेवून 'विधिसंघर्षग्रस्त बालक' अशी दुसरी संज्ञा निश्चित केली. पहिल्या वर्गातील बालकांचा विचार बाल कल्याण समिती करते व त्यांना बालगृहात ठेवते. दुसऱ्या वर्गासाठी बाल न्याय मंडळ व निरीक्षणगृह आहे. बोलीभाषेत या दोन्हींना 'रिमांड होम' किंवा 'सुधारगृह' म्हटले जाते. त्यामुळे अत्याचारास बळी पडलेली मुलगी आणि गुन्ह्याचा आरोप असलेली मुलगी यांच्यावर समाज एकच शिक्का मारतो.

गर्भवती मुलगी बालगृहात येण्याचे ठळक मार्ग दोन आहेत. पहिला मार्ग रुग्णालयातून जातो. पोटात दुखते म्हणून किंवा पाळी चुकली म्हणून आई मुलीला घेऊन रुग्णालयात येते आणि तपासणीत गर्भधारणा निदर्शनास येते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच पॉक्सो, याच्या कलम १९ नुसार अशी माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. माहिती न देणाऱ्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. दुसरा मार्ग 'मुलगी हरवली' या तक्रारीतून जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३ मधील निर्देशांनंतर अल्पवयीन मुलगी बेपत्ता झाल्यास अपहरणाचा गुन्हा नोंदविला जातो. काही महिन्यांनी ती सापडते, वैद्यकीय तपासणी होते आणि ती गर्भवती असल्याचे दिसते.

दोन्ही मार्गांनी आलेल्या मुलीचे घर सुरक्षित नसेल, आरोपी घरातीलच असेल, पालक तिला स्वीकारण्यास तयार नसतील किंवा ती स्वतः घरी जाण्यास नकार देत असेल, तर तिला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करून बालगृहात पाठविले जाते. येथे एक बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे. २०१२ पूर्वी संमतीचे वय १६ वर्षे होते, ते १८ झाले. ११ ऑक्टोबर २०१७ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने १५ ते १८ वर्षे वयाच्या पत्नीशी ठेवलेला शरीरसंबंधही बलात्काराच्या व्याख्येत आणला. परिणामी, अत्याचारास बळी पडलेली मुलगी, मित्रासोबत निघून गेलेली मुलगी आणि घरच्यांनीच लग्न लावून दिलेली मुलगी, या तिघीही कायद्याच्या दृष्टीने एकाच रांगेत येतात. त्यांच्या गरजा मात्र एकसारख्या नसतात.

सामाजिक घटक

१) शाळेतून गळती : शाळा हा किशोरवयीन मुलीभोवतीचा सर्वांत परिणामकारक संरक्षक घटक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील शाळेत न गेलेल्या मुलींपैकी सुमारे १८ टक्के मुली माता झालेल्या किंवा गर्भवती होत्या. १२ किंवा अधिक वर्षे शिकलेल्या मुलींत हे प्रमाण सुमारे ४ टक्के होते. शिक्षण हक्क अधिनियमाचे संरक्षण वयाच्या १४ व्या वर्षापर्यंतच आहे. म्हणजे ज्या वयात धोका वाढू लागतो, नेमक्या त्या वयात शासनाचे कायदेशीर उत्तरदायित्व संपते. आठवीनंतर माध्यमिक शाळा दूर असणे, वाटेत छेडछाड होणे, धाकट्या भावंडांना सांभाळावे लागणे ही गळतीची परिचित कारणे आहेत. शाळा सुटलेली मुलगी हजेरीपटावरून जाते आणि त्याबरोबर तिच्यावर लक्ष ठेवणारी घराबाहेरची एकमेव विश्वासार्ह नजरही जाते.

२) हंगामी स्थलांतर व उपजीविका : कातकरी ही केंद्र शासनाने विशेष असुरक्षित ठरविलेली आदिवासी जमात या परिसरात मोठ्या संख्येने आहे. दिवाळीनंतर ही कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. कामासाठी मालकाकडून आगाऊ उचल घेतली जाते आणि पुष्कळदा ती लग्नकार्यासाठीच घेतलेली असते. भट्टीवर काम 'जोडी'ने धरले जाते. त्यामुळे लवकर लग्न होणे म्हणजे कमावती जोडी तयार होणे, असा आर्थिक हिशेब त्यामागे असतो. ऊसतोडीतील 'कोयता' ही पद्धतही याच तत्त्वावर चालते. १९८२ पासून कार्यरत असलेल्या श्रमजीवी संघटनेने याच प्रदेशातील वेठबिगारीचा प्रश्न ऐरणीवर आणला. वेठ आणि अल्पवयीन विवाह यांचा परस्परसंबंध मात्र अद्याप पुरेसा चर्चिला गेलेला नाही. भट्टीवरील झोपडीला दार नसते, शौचालय नसते आणि आई-वडील कामावर असताना मुलगी एकटी असते. शोषणाला अनुकूल अशी ही परिस्थिती कोणाच्या चारित्र्यातून नव्हे, तर कामाच्या रचनेतून निर्माण होते.

३) बालविवाह : वरील सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांपूर्वी झाले होते. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के, तर बीडमध्ये ४३.७ टक्के होते. राज्यातील १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली माता झालेल्या किंवा गर्भवती होत्या. राष्ट्रीय सरासरी ६.८ टक्के असताना महाराष्ट्रासारख्या पुढारलेल्या समजल्या जाणाऱ्या राज्याचा आकडा तिच्याहून अधिक असावा, ही बाब चिंतनीय आहे. मराठवाड्यातून रोजगारासाठी आलेली कुटुंबे शहरात आली तरी सोयरिकी गावाकडेच ठरतात. लग्न गावी होते आणि बाळंतपण शहरातील रुग्णालयात. वयाचा दाखला मागितला जातो तेव्हा बालविवाह प्रथमच उघड होतो.

४) घर व शेजार : अत्याचार करणारा अनोळखी असतो हा समज राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राची आकडेवारी सातत्याने खोडून काढते. दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो. दहा बाय दहाच्या खोलीत राहणारे कुटुंब, पोटमाळ्यावरचा भाडेकरू, दिवसभर नोकरीवर असणारी आई आणि लोकलच्या प्रवासात जाणारे तीन-चार तास ही या परिसराची नित्याची स्थिती आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये डोंबिवलीच्या मानपाडा पोलीस ठाण्यात १५ वर्षांच्या मुलीच्या तक्रारीवरून ३३ जणांविरुद्ध गुन्हा नोंदविण्यात आला. ओळखीच्या मुलाने चित्रफितीच्या आधारे धमकावण्यास सुरुवात केली आणि अनेक महिने हा प्रकार चालला, असे तक्रारीत म्हटले होते. इतका काळ मुलगी गप्प का राहिली, हा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला. ती कोणाला सांगू शकली असती, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

५) पलायन व प्रेमसंबंध : घरातील मारहाण, लग्नाची घाई किंवा प्रेमसंबंधास विरोध यांमुळे मुली घर सोडतात. 'एनफोल्ड' या संस्थेने आसाम, महाराष्ट्र व पश्चिम बंगालमधील २०१६ ते २०२० या काळातील पॉक्सोच्या ७,०६४ निकालपत्रांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी १,७१५, म्हणजे २४.३ टक्के, प्रकरणे प्रेमसंबंधांची होती व त्यांतील ९३.८ टक्के प्रकरणांत आरोपीची निर्दोष मुक्तता झाली. अखेर मुक्तता झाली तरी खटल्याच्या काळात मुलगा कारागृहात, मुलगी बालगृहात आणि मूल कधी आईजवळ तर कधी दत्तक संस्थेत, अशी कुटुंबाची विभागणी होऊन जाते. मात्र 'प्रेमसंबंध' हा शब्दही सावधपणे वापरला पाहिजे. १४ वर्षांची मुलगी आणि २५ वर्षांचा पुरुष यांच्या संबंधांत सत्ता व वय यांचा असमतोल असतो आणि त्यास प्रेमाचे नाव देऊन दुर्लक्षिणे अयोग्य होय.

विलंब : दुर्लक्षित राहिलेला घटक

वरील पाच घटकांच्या साखळीतील शेवटचा दुवा म्हणजे विलंब. मुलीला शरीरातील बदल उमगत नाहीत, उमगले तरी सांगण्याची भीती वाटते. आईला कळते तेव्हा ती आधी औषधाच्या दुकानात, मग ओळखीच्या बाईकडे, आणि सर्वांत शेवटी रुग्णालयात जाते. रुग्णालयात गेले की पोलीस येतात हे वस्तीत सर्वांना ठाऊक झालेले असते. ज्या तरतुदीने मुलीचे संरक्षण व्हावे तिच्याच भीतीने उपचार लांबतात, हा या प्रश्नातील मुख्य विरोधाभास आहे.

वैद्यकीय गर्भपात अधिनियमातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलींना २४ आठवड्यांपर्यंत, दोन डॉक्टरांच्या मताने, गर्भपाताची परवानगी आहे. त्यासाठी पालकाची लेखी संमती लागते. २४ आठवड्यांनंतर गर्भात गंभीर दोष असल्याखेरीज न्यायालयाशिवाय मार्ग उरत नाही. ठाणे जिल्ह्याच्याच नवी मुंबई भागातील १४ वर्षांच्या मुलीचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. गर्भ सुमारे २५ आठवड्यांचा असताना बाब उघड झाली. ४ एप्रिल २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, २२ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने ती दिली आणि पालकांना मुलीच्या प्रकृतीची चिंता वाटू लागल्याने २९ एप्रिलला तो आदेश मागे घेण्यात आला. तोवर ३० हून अधिक आठवडे झाले होते. गर्भवती व्यक्तीची स्वतःची संमती सर्वांत महत्त्वाची आहे, असे न्यायालयाने या प्रकरणात स्पष्ट केले. परंतु संमतीला अर्थ येण्यासाठी निवडीचे पर्याय शिल्लक असावे लागतात आणि विलंब नेमके तेच संपवितो.

२९ सप्टेंबर २०२२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या कोंडीवर काही अंशी तोडगा काढला. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना माहिती देताना तिची ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही, असे त्यात म्हटले आहे. ही तरतूद वस्तीपर्यंत पोहोचली, तर किती मुली वेळेत रुग्णालयात येतील याचा विचार करण्यासारखा आहे.

संस्थेतील वास्तव

बालगृहात आलेल्या मुलीला सुरक्षित निवारा, आहार व प्रसूतिपूर्व तपासणी मिळते, हे नाकारता येत नाही. अनेक अधीक्षिका व परिविक्षा अधिकारी अपुऱ्या साधनांत हे काम करतात. तथापि संस्थेची रचना शाळकरी मुलींसाठी असते. गर्भवती किंवा तान्हे मूल असलेल्या मुलीसाठी नसते. प्रसूतीनंतर मूल ठेवायचे की दत्तकासाठी द्यायचे, हा निर्णय १५-१६ वर्षांच्या मुलीसमोर येतो. कायद्याने मूल सोपविणाऱ्यास फेरविचारासाठी दोन महिन्यांचा अवधी दिला आहे. परंतु ज्या मुलीला परत जाण्यास घर नाही, तिचा निर्णय कितपत स्वतंत्र मानावा, हा प्रश्न उरतोच.

संस्था हेच धोक्याचे स्थान ठरू शकते, याचाही या जिल्ह्याने अनुभव घेतला आहे. शहापूर तालुक्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहातील मृत्यू व लैंगिक अत्याचाराचे प्रकार २०१० मध्ये उघडकीस आल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. ज्या मुली सांगू शकत नाहीत त्यांच्यासाठी बाहेरून होणारी नियमित तपासणी किती आवश्यक आहे, हे त्यातून दिसून आले.

येथे पाश्चात्त्य संशोधनातील एक निष्कर्ष उपयुक्त ठरतो. अमेरिकेत बालपणातील प्रतिकूल अनुभवांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाच्या आधारे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे आढळले की, बालपणी छळ, हिंसा व कौटुंबिक विस्कळीतपणा जितका अधिक, तितकी किशोरवयीन गर्भधारणेची शक्यता अधिक. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुढील आयुष्यातील ज्या समस्यांचे खापर अशा गर्भधारणेवर फोडले जाते, त्यांचे मूळ बहुतांशी त्या आधीच्या प्रतिकूल अनुभवांतच होते. म्हणजेच गर्भधारणा हे मूळ कारण नसून आधीच्या घटनाक्रमाचे लक्षण होय.

महाराष्ट्राला या विचाराची ओळख नवी नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तेथे येणाऱ्या विधवेला गुप्तपणे बाळंत होता येत असे आणि मूल नेणे वा ठेवणे तिच्या इच्छेवर सोडलेले असे. पुढे १८८४ पर्यंत ३५ विधवा तेथे बाळंत झाल्याचे जोतीरावांनी नोंदविले आहे. आजच्या कायद्यास गुन्हेगाराला शासन करावयाचे असल्याने तितकी गुप्तता शक्य नाही. परंतु प्रथम आधार व नंतर चौकशी, हा त्या गृहाचा क्रम आजही अनुकरणीय आहे.

महाविद्यालयांचे उत्तरदायित्व

हा विषय केवळ समाजकार्याच्या अभ्यासकांचा नाही. कनिष्ठ महाविद्यालयातील अकरावी-बारावीच्या मुली याच वयोगटातील आहेत. एखादी विद्यार्थिनी विश्वासाने प्राध्यापिकेस काही सांगते, तेव्हा कलम १९ त्या प्राध्यापिकेलाही लागू असते. अशा वेळी घाबरून विषय टाळणे कायद्यानेही चुकीचे आणि मुलीच्या दृष्टीनेही घातक ठरते. पुढील बाबी विचारार्थ मांडता येतील. सलग अनुपस्थित राहणाऱ्या मुलींच्या घरी पंधरा दिवसांच्या आत संपर्क साधावा. शासकीय रुग्णालयांतील 'मैत्री' किशोरवयीन आरोग्य केंद्रे व १०९८ या मदतवाहिनीची माहिती द्यावी. २०२२ च्या निर्णयातील तरतूद समजावून सांगावी. गर्भवती झालेल्या किंवा बालगृहात असलेल्या विद्यार्थिनीचा प्रवेश रद्द न करता तिला मुक्त विद्यालयाद्वारे वा बाहेरून परीक्षेस बसण्याची संधी द्यावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांसाठी पाड्यांइतकाच वीटभट्ट्यांचाही विचार व्हावा. केंद्र शासनाने जुलै २०२३ मध्ये कुटुंबाने नाकारलेल्या अशा अल्पवयीन गर्भवती मुलींच्या निवारा व काळजीसाठी ७४.१० कोटी रुपयांची योजना जाहीर केली असून तिच्या लाभासाठी प्रथम माहिती अहवालाची प्रत अनिवार्य नाही. अशा योजनांची माहिती प्राध्यापकांजवळ असणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

बालगृहाच्या नोंदवहीत गर्भवती मुलीची नोंद होते त्यापूर्वी तिच्या आयुष्यात शाळा, घर, मजुरीची व्यवस्था, विवाहसंस्था व रुग्णालय अशा अनेक ठिकाणी तिला आधार मिळू शकला असता. परंतु तो मिळालेला नसतो. २३ मे २०२५ रोजी पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच बाब अधोरेखित केली. मुलीला मूळ घटनेपेक्षा त्यानंतरची पोलीस, न्यायालय व कुटुंब यांची वागणूक अधिक क्लेशदायक ठरली, असे नमूद करून न्यायालयाने दोषी ठरलेल्यास शिक्षा न देण्याचा अपवादात्मक निर्णय दिला. हा निर्णय सर्वत्र लागू करण्याजोगा दाखला नाही. परंतु प्रत्येक मुलीची परिस्थिती स्वतंत्रपणे समजून घेण्याची गरज त्यातून स्पष्ट होते.

त्यासाठी साधन उपलब्ध आहे. २०१५ च्या अधिनियमानुसार प्रत्येक बालकाचा सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत तयार करावयाचा असतो. हा अहवाल छापील रकाने भरण्यापुरता न राहता, शाळा केव्हा सुटली, कुटुंब केव्हा स्थलांतरित झाले, प्रथम कोणाला सांगितले आणि रुग्णालयात येण्यास किती आठवडे लागले, हा क्रम त्यात नोंदविला गेला, तर पुढच्या मुलीपर्यंत वेळेत पोहोचण्याची दिशा त्यातून मिळू शकेल.